दट्ट्यावरचा अंगठा

आमच्या माजघराच्या तुळईला पाळण्याची कडी अजून तशीच आहे. नात पाळण्यातून उतरून शाळेत जायला लागली तरी ती काढायचं कुणाला सुचलं नाही. 3 सप्टेंबर 2019 ला सकाळी त्या कडीला मी सुतळीनं सलाईनची बाटली टांगली. खाली गादीवर नात. वय सात, वजन 20 किलो, डाव्या हाताच्या पाठीवर पिवळ्या टोपणाची सुई चिकटपट्टीनं बसवलेली. तिथी भाद्रपद शुद्ध पंचमी, म्हणजे आमच्या दशलक्षण पर्वाचा पहिला दिवस. आम्ही दिगंबर जैन, शिरोळ तालुक्यातले, पिढीजात शेतकरी. जैन म्हटलं की लोकांना दुकान आठवतं; आमच्या बाबतीत ऊस आठवावा.

त्या ऑगस्टात कृष्णा-पंचगंगेचं पाणी गावात शिरलं तेव्हा आम्ही जयसिंगपूरला एका शाळेच्या वर्गात आठ-नऊ दिवस काढले. तिथं टँकरचं पाणी. घरी आमची आत्ती, माझ्या वडिलांची बहीण, तेव्हा चौऱ्याऐंशीची, दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय घोटभर पाणी कुणाला पिऊ देत नाही. त्या वर्गात ना फडकं ना चूल. परत येऊन चिखल काढला, भिंती धुतल्या, आणि महिनाअखेरीस पोरीला ताप भरला. रोज संध्याकाळी कालच्याहून थोडा जास्त. रक्त तपासलं, टायफॉइड निघाला. तोंडानं दिलेलं औषध उलटून पडायचं, म्हणून सांगलीला मुलांच्या दवाखान्यात ठेवलं आणि शिरेतून सेफ्ट्रिॲक्सोन सुरू झालं.

चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, "ताप उतरणीला लागलाय, पोरगी पाणी पितेय. पुरामुळं वॉर्ड भरून वाहतोय, इथं ठेवून दुसरं काहीतरी लावून घेईल. सुई हातात राहू दे. उरलेले नऊ डोस घरी द्या. हे औषध अंगात बराच वेळ टिकतं, दिवसातून एकदाच पुरे." मग माझ्याकडं वळून, "सर, तुम्ही जीवशास्त्र शिकवायचा ना?"

शिकवायचो. 31 वर्षं. बेडकं फाडली तोवर फाडली, पुढं तेही बंद झालं. एवढ्या भांडवलावर मी पुढं सरसावलो. मुलगा पुण्याला, सूनबाईचा हात कापायचा. ओळखीची एक सिस्टर दोन दिवस येऊन शिकवून गेली, तिसऱ्या दिवसापासून मी.

काम तसं बारकाईचं असतं. व्हायलचं निळं टोपण उडवायचं, खालचं रबर स्पिरिटनं पुसायचं, आणि ते वाळेपर्यंत थांबायचं; फुंकर घालायची नाही. भुकटीत पाणी सोडून व्हायल तळहातांत फिरवायची, रवीसारखी. पाणी पिवळसर होतं, पन्ह्याहून बरंच फिकट. मग सिरिंजमध्ये दोन मिली सलाईन घेऊन दट्ट्या हळू दाबायचा आणि शीर मोकळी आहे का बघायचं. हात सुजत नाही, पोर कळवळत नाही, म्हणजे ठीक. मग नळकांड्यात 50 मिली सलाईन घेऊन त्यात औषध, आणि अर्ध्या तासात ते उतरवायचं. मुलांच्या त्या सेटमध्ये 60 थेंबांचा एक मिली होतो. म्हणजे मिनिटाला 100 थेंब. घड्याळ हातात घेऊन मी थेंब मोजत बसायचो. माळ ओढायची जन्माची सवय, बोटं आपोआप चालायची.

आणि तिसऱ्या दिवशी, पहिल्यांदा माझ्या अंगठ्यानं तो दट्ट्या दाबला तेव्हा, आत काहीतरी अडलं. हे जे मी सोडतोय ते मारायला सोडतोय. जिवाणू मारायला. मराठीनं त्या शब्दात जीव ठेवून दिलाय, इंग्रजीत शिकवताना ते कधी टोचलं नसतं. बरं, दिवस कोणते? वर्षातल्या ज्या दहा दिवसांत आमच्याकडं हिरवी पालेभाजी चिरत नाहीत, ते.

गंमत अशी, की सांगलीच्या दवाखान्यात तेच औषध तीन दिवस चाललं होतं आणि हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. तिथं सिस्टर यायची, टोचायची, जायची. मी बाहेर बाकावर पेपर वाचायचो.

आमच्या शास्त्रात कर्म तीन तऱ्हांनी होतं: कृत, कारित, अनुमोदित. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवून घेतलेलं, आणि दुसरा करत असताना मनात 'बरं झालं' म्हटलेलं. तिन्ही बांधतात. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात हा सगळा हिशेब आहे. मनात योजणं, त्याची तयारी करणं, प्रत्यक्ष करणं हे तीन. मन, वचन, काया हे तीन. कृत, कारित, अनुमोदित हे तीन. आणि क्रोध, मान, माया, लोभ हे चार. गुणाकार केला की 108. जपमाळेत 108 मणी का, याचं आमच्याकडं सांगितलं जाणारं एक उत्तर हेच. म्हणजे शास्त्राच्या दृष्टीनं दवाखाना आणि माजघर यात फरक नाही. दवाखान्यात ते कारित होतं, घरी कृत झालं. खातं तेच, रकाना बदलला.

माझे वडील हरभऱ्यावर औषध मारायचे, घाटे अळीसाठी. अष्टमी-चतुर्दशीला मात्र पंपाला हात लावायचे नाहीत. त्या दिवशी गडी मारायचा आणि वडील बांधावर उभे राहून "त्या कोपऱ्यात राहिलं बघ" म्हणायचे. कॉलेजात असताना मी यावरून त्यांची टिंगल केली होती. ते चिडले नाहीत. म्हणाले, "हाताला सवय लागू नये म्हणून." तेव्हा पळवाट वाटली. आता वाटतं, निम्मी पळवाट होती आणि निम्मं खरं होतं.

थेंब मोजताना डोकं असंच कुठंही जायचं. गृहस्थाला चार प्रकारच्या हिंसेतली एकच पूर्ण सोडायला सांगितलीय: संकल्पी, ठरवून केलेली. घरकामात होणारी, धंद्याशेतीत होणारी आणि बचावासाठी करावी लागणारी विरोधी हिंसा, या जपून, कमीत कमी. पर्वात प्रवचनाला आलेले एक पंडित म्हणाले, "औषध म्हणजे विरोधी हिंसा, शंका नको." मला पटलं नाही. विरोधाला विरोधक लागतो. टायफॉइडचा जिवाणू माझ्या नातीचा वैरी नव्हता. त्याला माणसाचंच शरीर घर म्हणून मिळालंय, दुसरा कुठला प्राणी त्याला पाळत नाही. तो आपला राहत होता. शिवाय तो एकेंद्रिय म्हणावा की कसं, हेही आम्हा मास्तरांचं भांडण. शेपट्या फिरवून अन्नाच्या दिशेनं पोहत जातो बेटा. जुन्या आचार्यांपुढं सूक्ष्मदर्शक असता तर त्यांनी त्याला कुठल्या वर्गात बसवलं असतं, कुणास ठाऊक.

मग संख्येचा मुद्दा. एका मुलीसाठी कोट्यवधी. याचं उत्तर अमृतचंद्राचार्यांच्या पुरुषार्थसिद्ध्युपायात हजारेक वर्षांपूर्वीच आहे. पुष्कळ बारीक जीव मारून पोट भरण्यापेक्षा एकच मोठा प्राणी मारावा, असं म्हणणाऱ्यांना त्यांनी तिथं खोडून काढलंय. डोकी मोजून हिंसा ठरत नाही. हे मला सोयीचं होतं, म्हणून मी खूश झालो. पण त्याच ग्रंथात त्याआधी असंही आहे की मनात राग उत्पन्न होणं हीच हिंसा. मराठीतला राग नव्हे. राग म्हणजे आसक्ती, ओढ. आता आली का पंचाईत? मी दट्ट्या दाबत होतो तो 'एका पंचेंद्रिय जीवाचं रक्षण' म्हणून नव्हे. माझी नात म्हणून. तिच्या कपाळावरून हात फिरवताना जे आतून हलत होतं, त्यालाच तो ग्रंथ हिंसा म्हणतो. जिवाणूंपुरता मी सुटलो, आणि नातीपाशी अडकलो.

हा मुद्दा पुस्तकी वाटेल, पण त्याला एक चेहरा होता. सांगलीला आमच्या शेजारच्या कॉटवर एक मुलगा होता, पाच वर्षांचा, टायफॉइडच. त्याची आई कारखान्याच्या वस्तीवरची, रोजगाराला जाणारी. तिचा रोज बुडत होता. त्यालाही घरी सोडता आलं असतं. औषध तेच, ताप तसाच उतरत होता. पण त्यांच्या खोलीत अजून पुराचा गाळ होता. ना कडी, ना फ्रीज, ना फोनवर डॉक्टरांशी बोलू शकणारा निवृत्त मास्तर. 'घरी उपचार' म्हणायला आधी घर लागतं. आम्ही निघालो तेव्हा ती म्हणाली, "तुमचं बरं हाय." मी मान डोलावली. त्या मुलासाठी मी काय केलं? बिस्किटाचा पुडा दिला. जिला आम्ही जीवदया म्हणतो ती त्या दिवशी पुड्याएवढी होती, आणि राग चक्क नऊ डोसांचा.

पर्वाच्या पाचव्या दिवशी तत्त्वार्थसूत्राचा पाचवा अध्याय वाचतात. जीव एकमेकांच्या उपयोगी पडतात, असं एक सूत्र त्यात आहे; जैनांच्या चिन्हाखाली लिहिलेलं असतं तेच. त्या दिवशी थेंब मोजताना मला ब्रोत्सूची गोष्ट आठवली. ही मी अकरावीच्या पोरांना सांगायचो. सेफ्ट्रिॲक्सोन ज्या घराण्यातलं, त्याचा मूळपुरुष 1945 साली इटलीतल्या सार्डिनिया बेटावर, काल्यारी शहरात सापडला. जुझेप्पे ब्रोत्सू नावाच्या प्राध्यापकानं गटार समुद्राला मिळतं तिथल्या पाण्यातून एक बुरशी वेगळी काढली. त्याला टायफॉइडवरच काहीतरी हवं होतं. त्या घाण पाण्यात एक जीव दुसऱ्या जीवाला वाढू देत नव्हता, आणि त्यावर माझी नात जगत होती. उपयोगी पडणं म्हणावं तर हेही उपयोगीच. औषधाची रीतही न्यारी: ते जिवाणूला त्याच्या पेशीची भिंत बांधू देत नाही. जो वाढायला बघतो तो फुटतो. जो स्वस्थ पडून राहतो त्याला फारसं काही होत नाही. हे सांगितल्यावर आत्ती म्हणाली, "म्हंजे मुनीच की रे त्यो, गप बसलेला." आणि स्वतःच हसली.

आत्तीला माझ्या शंकांशी देणंघेणं नव्हतं. तिचं लक्ष दुसरीकडं होतं. पहिल्या दिवशी वापरलेली सुई मी कागदात गुंडाळून उकिरड्याकडं निघालो तर तिनं वाटेत अडवलं. "कुणाच्या पायात गेली म्हंजे? गुराच्या तोंडात गेली म्हंजे?" आणि तिच्या राजगिऱ्याच्या लाडवांचा पत्र्याचा डबा रिकामा करून माझ्यापुढं आपटला. सगळ्या सुया, सिरिंजा त्यात गेल्या, आणि शेवटी तो डबा झाकण चिकटवून दवाखान्यात परत दिला. नियमही तेच सांगतो, हे मला मागाहून कळलं.

तिनं हे कुठल्या पुस्तकातून घेतलं नव्हतं. विहिरीवर पाणी गाळल्यावर फडक्यात राहिलेली जिवानी, म्हणजे ते गाळलेले जीव, परत त्याच विहिरीत सोडायचे. आणि तेही वरून ओतायचे नाहीत, बुडाला कडी असलेल्या कळशीनं पाण्यापर्यंत नेऊन अलगद. लहानपणापासून ती हे करत आली. नळ आल्यावर तिचे हाल झाले, तो भाग वेगळा. मुनींना पाच समिती, म्हणजे जपून वागण्याचे पाच नियम, सांगितल्यात, त्यातल्या दोन मला त्या नऊ दिवसांत रोज आठवायच्या: वस्तू उचलताना-ठेवताना बघून उचलावी-ठेवावी, आणि टाकायचं ते निर्जंतुक जागा बघून टाकावं.

निर्जंतुक. हा शब्द मी हजारदा उच्चारला असेल, त्याच्या दोन बाजू मला त्या माजघरात दिसल्या. मुनी निर्जंतुक जागा शोधतात ती अशी, की जिथं आधीच कुणी जीव नाही, म्हणजे आपल्याकडून कुणी मरायला नको. सिस्टरनं शिकवलेली निर्जंतुक जागा म्हणजे जिथले सगळे मारून झालेत ती. एकाच शब्दाची दोन टोकं. आणि तरी दोन्हीकडं हात सारखाच चालतो. तेच थांबणं, तेच बघणं, तीच घाई न करणं. मोरपिसांच्या पिंछीनं जमीन झाडणारा मुनी आणि स्पिरिट वाळायची वाट बघणारी सिस्टर शेजारी उभे केले तर लांबून फरक कळणार नाही. मग धर्म कशात आहे, हेतूत की हातात? मी इतकी वर्षं 'हेतूत' म्हणत आलो. आता तितक्या जोरानं म्हणत नाही. उकळलेल्या पाण्याचंच बघा. आमच्याकडं पाण्यालाच जीव मानतात, आणि तरी व्रती माणसं पाणी उकळूनच पितात. एकदा मारायचे, म्हणजे पुढं वाढणारे असंख्य टळतात. हेतू तिथंही स्वच्छ नाही, हात मात्र जपून आहे.

कुणाच्या हाती सुई द्यावी हा वादही जुनाच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखायला शिकवलं आणि जेंटामायसिनचं इंजेक्शन घरी द्यायला शिकवलं. ते शिरेतून नव्हतं, मांडीत होतं, पण धाडस तेच. 39 गावांतलं ते काम 1999 साली लॅन्सेटमध्ये छापून आलं. बाळं मरायची कमी झाली होती. आमचा हा प्रकार चालला होता त्याच 2019 मध्ये मेलबर्नच्या डॉक्टरांनी त्वचेखालच्या जंतुसंसर्गासाठी 188 मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना घरी सेफ्ट्रिॲक्सोन, निम्म्यांना दवाखान्यात दुसरं औषध. घरच्यांत उपचार फसले 2 टक्क्यांचे, दवाखान्यातल्यांत 7. हे वाचून मुलानं पुण्याहून फोन केला, "आबा, तुम्ही जागतिक दर्जाचं काम केलंत." मी काही बोललो नाही. मेलबर्नला घरी सिस्टर जायच्या. आणि माझ्या सातव्या दिवसाचं त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

सातवा दिवस, 9 सप्टेंबर. पर्वाच्या दहा दिवसांत तत्त्वार्थसूत्राचे दहा अध्याय, रोज एक, बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, मोठ्यानं वाचतात. सातवा अध्याय गेली पंधराएक वर्षं मी वाचतो. उच्चार स्पष्ट, एक चूक नाही, असं लोक म्हणतात आणि ते मला आवडतं. वाचन दहाला. सूनबाईच्या आंघोळीमुळं, दुधामुळं, कशामुळं तरी उशीर झाला होता. मी धोतर-उपरणं नेसून तयार. सिरिंजमध्ये सलाईन घेतलं, सुईला जोडलं, दाबलं. नात म्हणाली, "आबा, दुखतंय."

मी म्हटलं, "जरा सोस."

दट्ट्या रोजच्यासारखा सरकत नव्हता. हे माझ्या अंगठ्याला कळलं होतं. मला कळलं असं म्हणत नाही, अंगठ्याला कळलं होतं. मी जोर वाढवला. ती ओरडली तेव्हा मी खाली बघितलं, तर हाताची पाठ पुरीसारखी टम्म फुगलेली. सुई शिरेतून सरकली होती आणि पाणी कातडीखाली चाललं होतं. नुसतं सलाईन होतं, औषध अजून जोडायचं होतं, म्हणून फार काही झालं नाही. सूनबाई धावत आली, तिनं नळी मिटवली, सुई काढली, कापूस दाबून धरला. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. रिक्षा बोलावून जयसिंगपूरला घेऊन गेली. तिथं नवी सुई उजव्या हाताला बसली, दुसऱ्या प्रयत्नात.

आणि मी? मी बस्तीत गेलो.

गोष्ट रचली असती तर असं जुळवून आणायला मी धजलो नसतो, पण अध्याय आणि दिवस आधीच ठरलेले असतात. सातव्या अध्यायात हिंसेची व्याख्या आहे. प्रमत्त होऊन, म्हणजे बेसावधपणानं, दुसऱ्याचे प्राण दुखावणं वा हिरावणं ती हिंसा. किती मारले हे सूत्रात नाही. कुणासाठी मारले हेही नाही. मी ते सूत्र वाचलं, उच्चार स्पष्ट, एक चूक नाही. लोकांनी नेहमीप्रमाणं वाखाणलं. जिवाणूंची चार दिवस चर्चा करणारा मी त्या अर्ध्या मिनिटात कुठं होतो? बस्तीत, आधीच जाऊन बसलेला.

उरलेले डोस सूनबाईनं दिले. तिचा हात कापत नव्हता. कापायचा तेव्हा ती थांबायची, एवढंच. चौथ्या दिवसापासून पोरीचं पोट बिघडलं होतं. आतड्यातले निरुपद्रवी जिवाणूही त्या औषधात सापडले होते, त्यांचा तर काहीच संबंध नव्हता. ताप गेला, भूक लागतेय, आता दोन डोस राहिले तर राहू देत, असं मीच सुचवून बघितलं. तिनं डॉक्टरांना फोन लावून माझ्या हातात दिला. ते म्हणाले, "सर, सिंधमधल्या हैदराबादेत 2016 पासून टायफॉइडची अशी जात पसरलीय जिला हे औषध लागू पडत नाही. अर्धवट सोडू नका." मग अर्धवट सोडलं नाही.

11 तारखेला शेवटचा थेंब उतरला. बाटली काढली, कडी राहिली.

भाद्रपद वद्य प्रतिपदेला आमच्याकडं क्षमावणी. पर्व संपल्यावर घरोघर जाऊन हात जोडायचे, वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा मागायची, आणि ती माणसांपुरती नाही, जीवमात्राची. बस्तीतून परत आलो. आत्ती दारातच होती, तिनं माझ्यापुढं हात जोडले, मी तिच्यापुढं वाकलो. सूनबाईला म्हटलं, "चुकलं माझं." ती म्हणाली, "चहा ठेवू?"

नात सोप्यात व्हायलची निळी टोपणं मांडून बसली होती. चार एका ओळीत, पाच एका ओळीत. उजव्या हाताच्या पाठीवर हिरवट-पिवळा डाग अजून होता. मी तिच्यापुढं मांडी घालून बसलो आणि दोन्ही हात पुढं केले. तिनं माझ्या हातांकडं बघितलं आणि आपले दोन्ही हात पाठीमागं लपवले.